चालू फ्रँचायझी विकत घ्यावी की नवी सुरू करावी?

कवडसा:
नमस्कार. मी आणि नवरा नोकरी सोडून कपडे धुलाईच्या एका साखळीची फ्रँचायझी घ्यायच्या विचारात आहोत. आधी मी सोडणार, जम बसला की तो. ब्रँड पक्का झालाय, त्यामुळे त्यावर चर्चा नको. अडलंय ते पुढच्या पायरीवर. कंपनीकडे आणि इतरत्र चौकशी केली तेव्हा दोन पर्याय समोर आले. एका भागातलं चालू सेंटर सध्याचा मालक विकायला काढतोय, मशीनं, माणसं, गिऱ्हाइकं सगळ्यांसकट. नाहीतर दुसऱ्या एका भागाची टेरिटरी (कंपनी एका सेंटरला नेमून देते तो परिसर) मोकळी आहे, तिथे जागा शोधण्यापासून सगळं आपणच करायचं.

चालू सेंटरसाठी मालक सांगतोय तो आकडा नवं उभारण्याच्या खर्चाच्या साधारण दीडपट आहे. माझं म्हणणं, घडी बसलेला धंदा आहे, जास्त मोजायला हरकत नाही. नवऱ्याचं म्हणणं, एवढा चांगला चालतोय तर तो विकतोय कशाला? आणि जे आपण स्वतः उभं करू शकतो त्यासाठी दुसऱ्याला वरकड पैसे का द्यायचे? घरात रोज रात्री हाच विषय.

ज्यांनी यातलं काही केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. 'दोन्हींचे फायदे-तोटे आहेत' असं न लिहिता बाजू घेऊन लिहिलंत तर जास्त आवडेल.

टिकली:
नवऱ्याशी सहमत. 'विकतोय कशाला' याचं पटेल असं उत्तर मिळेपर्यंत पुढचा एकही प्रश्न विचारू नका.

जुनं_खोड:
कवडसाताई, मी तुमच्या बाजूने. धंदा वेगळा आहे माझा, पण सेवा देणाराच. एक सेंटर नवं काढलं आणि नंतरचं चालू घेतलं, त्यामुळे दोन्हींची चव माहीत आहे.

नव्या सेंटरमध्ये भाडं, पगार, वीज आणि कर्जाचा हप्ता हे चारही जण पहिल्या तारखेपासून हजर असतात. गिऱ्हाईक मात्र एकेक करून, आपल्या सवडीने येतं. या दोहोंमधली दरी भरायला पैसे लागतात, आणि ते कंपनीच्या माहितीपत्रकातल्या 'एकूण गुंतवणूक' या आकड्यात क्वचितच पुरेसे धरलेले असतात. तुम्ही 'नवं उभारायचा खर्च' म्हणताय तो फक्त दार उघडेपर्यंतचा आहे का? धंदा स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंतचा तोटा त्यात मिळवा आणि मग दीडपट राहतं का बघा. बहुतेक राहणार नाही.

आणि 'विकतोय कशाला' याची प्रामाणिक उत्तरंही खूप असतात. आजारपण, भागीदारांचं फाटणं, मुलं दुसरीकडे स्थायिक होणं, वय. विकणारा प्रत्येक माणूस पळून चाललेला नसतो.

रानवारा:
@जुनं_खोड, काका, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण एक बाजू राहिली. मी नवं काढलंय आणि पुन्हा वेळ आली तर नवंच काढेन.

जागा मी निवडली. भाडेकरार माझ्या नावाने, माझ्या अटींवर, लांब मुदतीचा. मशीनं कोरी, वॉरंटीत. माणसं मी घेतली आणि कंपनीच्या ट्रेनिंगला मीच त्यांच्याबरोबर बसले, त्यामुळे 'आमच्याकडे असंच चालतं' हे वाक्य मला कधी ऐकावं लागलं नाही. उद्घाटनाच्या वेळी कंपनीची माणसं येऊन राहिली, जाहिरातीला हात दिला. चालू सेंटर हाती घेणाऱ्याला हे सगळं मिळतंच असं नाही, कारण कंपनीच्या लेखी ते सेंटर कधीच सुरू झालेलं असतं.

शिवाय चालू सेंटरसोबत त्याची पत येते, चांगली असो वा वाईट. आधीच्या मालकाने कुणाची रेशमी साडी खराब करून हात वर केले असतील, तर ती बाई पाटीवरचं नाव लक्षात ठेवते. मालक बदलला हे तिला कोण सांगणार?

टिकली:
साडीचा मुद्दा शंभर टक्के. आमच्या आत्याने ज्या दुकानाचं नाव टाकलं, त्याचे तीन मालक बदलले तरी ती त्या फुटपाथवरून जात नाही.

हिशेबनीस:
मी लेखापरीक्षणाच्या कामात आहे. अशा व्यवहारांचे कागद बरेच नजरेखालून जातात. दीडपट महाग की स्वस्त हे नव्याच्या खर्चाशी तुलना करून कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. सेंटरची किंमत त्यातून येणाऱ्या नफ्यावर ठरते. आणि नफा म्हणजे मालक तोंडी सांगतो तो नव्हे.

समजा विक्री 100 धरली. त्यातून रॉयल्टी (नाव आणि पद्धत वापरण्यापोटी कंपनीला द्यायचा विक्रीचा हिस्सा) 6, कंपनीचा जाहिरात निधी 2, भाडं 18, पगार 28, वीज-पाणी-रसायनं 16, किरकोळ आणि दुरुस्ती 12. उरले 18. (हे आकडे फक्त समजावण्यासाठी, प्रत्येक धंद्याचे वेगळे.) आता तुम्ही सेंटर घेतलंत आणि मालक बदलला म्हणून विक्री 10 टक्क्यांनी घसरली. रॉयल्टी आणि जाहिरात निधी विक्रीवर असतात, ते 7.2 होतील. वीज-रसायनं 14.4 होतील. भाडं, पगार, किरकोळ तिथल्या तिथे. एकूण खर्च 79.6. विक्री 90. उरले 10.4.

म्हणजे विक्री दहा टक्के घटली आणि नफा चाळीस टक्क्यांहून जास्त घटला. जो 18 वर किंमत लावून घेईल आणि 10.4 वर हप्ते फेडेल त्याचं काय होईल? रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. तोट्यात असलात तरी ती द्यावीच लागते. नव्या सेंटरलाही हे लागू आहे, पण तिथे निदान कुणी तुमच्याकडून जुन्या नफ्याची किंमत वसूल केलेली नसते.

नवशिका:
@हिशेबनीस, त्या 18 मध्ये मालकाचा स्वतःचा पगार धरलाय का? की तो वेगळा?

हिशेबनीस:
@नवशिका, इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. विकणारा नवरा-बायको दोघं दिवसभर काउंटरवर उभे असतात, पगार घेत नाहीत, आणि कागदावर नफा छान दिसतो. तुम्ही घेतल्यावर त्या दोन माणसांच्या जागी कोण उभं राहणार? माणसं ठेवलीत तर त्यांचा पगार त्या 18 मधून वजा करा. स्वतः उभे राहिलात तर तो तुमचा पगार झाला, गुंतवणुकीवरचा परतावा नाही. दोन्ही एकत्र करून पाहिलं की कुठलाही धंदा फायद्याचा वाटतो.

कवडसाताई, विक्री खरी किती हे तपासायला फ्रँचायझीत एक सोय आहे जी स्वतंत्र दुकानात नसते. मालक दर महिन्याला कंपनीला विक्री कळवतो, कारण रॉयल्टी त्यावर ठरते. मालकाकडून लेखी संमती घेऊन ती विवरणं थेट कंपनीकडून मागवा. मग तीच विक्री कराच्या विवरणाशी आणि बँक खात्याशी जुळवा. मालक जर म्हणाला, 'खरी विक्री याहून जास्त आहे, सगळी कंपनीला दाखवत नाही', तर तिथून उठा. जो कंपनीला खोटं सांगतो तो तुम्हाला खरं का सांगेल? आणि ती लपवलेली विक्री पुढे ऑडिटमध्ये निघाली तर तगादा सेंटरकडे, म्हणजे तुमच्याकडे येऊ शकतो.

धुलाईच्या धंद्यात आणखी एक ताळा आहे. पाणी आणि वीज. मशीन एका फेरीला किती पाणी घेतं हे ठरलेलं असतं. पाण्याच्या बिलावरून फेऱ्या काढा, फेऱ्यांवरून कपडे, कपड्यांवरून विक्री. अगदी अचूक येणार नाही, पण सांगितलेली विक्री शक्य कोटीतली आहे का हे नक्की कळतं.

रानवारा:
पाण्याच्या बिलाचा ताळा मस्त आहे! हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.

कलमवाली:
मी करारांचं काम करते. सगळे नफ्यावर बोलताय, मला वाटतं आधी हे बघायला हवं की विकत नेमकं काय मिळतंय. चालू फ्रँचायझी 'विकत घेतली' असं आपण म्हणतो, पण विकणाऱ्याकडे विकण्यासारखं जे असतं ते मशीनं, सामान आणि गुडविल, म्हणजे जमलेली पत आणि गिऱ्हाइकं. ब्रँड त्याचा नाही. फ्रँचायझीचा हक्क त्याला ठरावीक मुदतीसाठी मिळालेला असतो आणि तो तुमच्या नावावर करायला कंपनीची परवानगी लागते.

म्हणून हे चार मुद्दे मूळ करार हातात घेऊन बघा, मालकाच्या सांगण्यावर जाऊ नका.

मुदत किती उरली आहे. दहा वर्षांच्या करारातली सात संपली असतील तर तुम्ही तीन वर्षं विकत घेताय. नूतनीकरण आपोआप होतं की कंपनीच्या मर्जीने, आणि त्यासाठी फी किती.

तुम्हाला जुनाच करार पुढे चालवायला मिळणार की कंपनी आजचा नवा करार सही करायला देणार. बहुतेक ठिकाणी नवा देतात. नव्यात रॉयल्टी जास्त असू शकते, टेरिटरी छोटी असू शकते. तसं झालं तर मालकाचे मागचे नफ्याचे आकडे तुमच्या काही कामाचे नाहीत, ते जुन्या रॉयल्टीवरचे आहेत.

ट्रान्सफर फी कोण भरणार. आणि हस्तांतराच्या वेळी कंपनी 'सेंटर आजच्या नमुन्याप्रमाणे करून घ्या' अशी अट घालते का. नवी पाटी, नवा काउंटर, नवं सॉफ्टवेअर, कधी कधी नवी मशीनंसुद्धा. हा खर्च दीडपटीच्या वर येतो.

आणि कंपनीला पहिला खरेदीहक्क आहे का. म्हणजे तुम्ही महिनोन्महिने घासाघीस करून किंमत ठरवायची आणि कंपनीने त्याच किमतीला स्वतः सेंटर उचलायचं, असं करारात असू शकतं. ते आधीच लेखी विचारून घ्या.

भाडेकरार हा वेगळा विषय. त्यावर नंतर सविस्तर लिहिते.

नवशिका:
कंपनीला हे सगळं सांगायचं बंधन नसतं का? म्हणजे कायद्याने?

कलमवाली:
@नवशिका, देशागणिक वेगळं आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा नियम 1979 पासून लागू आहे. त्याप्रमाणे कंपनीला 23 मुद्द्यांचं माहितीपत्र सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी द्यावं लागतं. फ्रान्समध्ये 1989 च्या कायद्याने ही मुदत 20 दिवस आहे. ऑस्ट्रेलियात 1998 पासून सक्तीची आचारसंहिता आहे. अनेक देशांत मात्र फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदाच नाही, तिथे नेहमीचा करार कायदा आणि तुमची सावधगिरी.

पण या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट अशी. त्या अमेरिकी नियमातसुद्धा, एक फ्रँचायझीधारक आपलं सेंटर दुसऱ्याला विकत असेल आणि कंपनीचा त्यात ठोस सहभाग नसेल, तर ते माहितीपत्र देण्याचं बंधन त्या नियमाने येत नाही. कंपनीने नुसती मंजुरी देणं हा सहभाग धरला जात नाही. म्हणजे नवं घेणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते चालू घेणाऱ्याला दरवेळी मिळतंच असं नाही. लोक समजतात त्याच्या उलट. म्हणून आपण कुठेही असलो तरी चालू सेंटर घेताना कंपनीकडे सगळी माहिती आपणहून मागावी.

त्या पत्रातले 23 मुद्दे म्हणजे तयार प्रश्नपत्रिका आहे. तिसऱ्या मुद्द्यात कंपनीवरचे खटले, बाराव्यात टेरिटरी, सतराव्यात नूतनीकरण, रद्द करणं आणि हस्तांतर, एकोणिसाव्यात कमाईचे आकडे (हे देणं मात्र ऐच्छिक आहे), आणि विसाव्यात गेल्या तीन वर्षांत किती सेंटर उघडली, किती बंद झाली, किती हस्तांतरित झाली. तुमच्या देशात ते पत्र नसलं तरी हेच प्रश्न तुम्ही विचारू शकता.

स्वयंभू:
सगळ्यांचं वाचलं. मला मनापासून एक विचारायचंय. एवढ्या अटी, एवढी रॉयल्टी, वर कंपनीची परवानगी. कपडे धुणं हे काही गुपित शास्त्र नाही. दोन्ही पर्याय सोडून स्वतःच्या नावाने का काढू नये? पाच वर्षांत जे नाव होईल ते तुमचं. आत्ता जे होईल ते कंपनीचं.

कवडसा:
@स्वयंभू, विचार केला होता. आम्हा दोघांनाही धंद्याचा अनुभव नाही. डाग कुठल्या कापडावर कशाने निघतो, रसायनं कुठून घ्यायची, दर कसे लावायचे, इथून सुरुवात करावी लागली असती. पद्धत विकत घेतोय, नाव नंतर.

स्वयंभू:
मग पटतं. पद्धत शिकायची असेल तर मात्र नवं सेंटर जास्त शिकवेल. बसलेली घडी विस्कटू नये म्हणून चालू सेंटरमध्ये माणूस प्रश्नच विचारत नाही.

उत्तररात्र:
मी काही वर्षं एका साखळीच्या मुख्य कार्यालयात फ्रँचायझी विभागात काम केलंय. साखळीचं नाव देत नाही. आतून काय दिसतं ते सांगते.

कंपनीला नवं सेंटर हवं असतं. त्यात प्रवेश फी मिळते, नकाशावर एक ठिपका वाढतो. चालू सेंटरच्या हस्तांतरात कंपनीला थोडी फी मिळते आणि काम भरपूर पडतं. त्यामुळे विक्री विभागातला माणूस तुम्हाला नव्याकडे ढकलत असेल तर त्याचं कारण तुमचा फायदा असेलच असं नाही. पण उलटंही होतं. एखादं सेंटर रखडत असेल, मालक रॉयल्टी थकवत असेल, तर कंपनीला तो बदलून हवा असतो, आणि मग त्याच सेंटरबद्दल फार गोड बोललं जातं. म्हणून ताई, हे चालू सेंटर तुम्हाला कुणी सुचवलं हे महत्त्वाचं आहे. मालकाने जाहिरात दिली होती की कंपनीने आपणहून नाव पुढे केलं?

दुसरं, जागेबद्दल. मॅकडॉनल्ड्सचा इतिहास यात शिकण्यासारखा आहे. मूळ दुकान मॅकडॉनल्ड बंधूंचं, त्याची साखळी केली रे क्रॉकने. त्याने 1955 मध्ये आपलं पहिलं रेस्टॉरंट काढलं तेव्हा फ्रँचायझीधारकांकडून विक्रीच्या 1.9 टक्के घ्यायचे आणि त्यातले 0.5 मॅकडॉनल्ड बंधूंना द्यायचे असं ठरलं होतं. त्यात भागत नव्हतं. मग क्रॉकचा सहकारी हॅरी सोनबॉर्नने जागेचं गणित बसवलं, आणि 1956 मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी काढली. जागा कंपनीने घ्यायची आणि फ्रँचायझीधारकाला पोटभाड्याने द्यायची. पैसा भाड्यातून आला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ताबा आला. ज्याच्या हातात जागा त्याच्या हातात फ्रँचायझी. तुमच्या चालू सेंटरचा भाडेकरार कुणाच्या नावाने आहे, मालकाच्या की कंपनीच्या, हे आजच बघा.

नवशिका:
रे क्रॉकने मग बंधूंकडून सगळं विकत घेतलं ना? म्हणजे तोही 'चालू धंदा घेणारा' झाला!

उत्तररात्र:
@नवशिका, हो, 1961 मध्ये, 27 लाख डॉलरना. पण त्याआधी काही वर्षं तो तोच धंदा आतून चालवत होता. काय विकत घेतोय हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. कवडसाताईंना तेवढी वर्षं नाहीत, पण काही आठवडे त्या सेंटरमध्ये उभं राहायला मिळालं तरी खूप कळेल. मालकाने 'घ्या आधी, मग बघा' म्हटलं तर ते उत्तरच समजा.

टिकली:
विषय निघालाच आहे तर, फ्रँचायझीचं नाव निघालं की सगळे खाण्याच्या दुकानांवर जातात. मार्था माटिल्डा हार्परबद्दल कुणीच बोलत नाही. कॅनडात जन्मलेली, लहानपणापासून लोकांच्या घरी कामाला. 1888 मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टरला केशरचनेचं पार्लर काढलं आणि 1891 पासून त्याच्या शाखा फ्रँचायझी पद्धतीने दिल्या. सुरुवातीच्या शाखा तिने गरीब, कष्टकरी बायकांच्या हाती दिल्या. ट्रेनिंग, ठरलेली उत्पादनं, पाहणी, सगळं होतं. कवडसा, तुमच्या आधी ही वाट चाललेली आहे.

कवडसा:
@टिकली, हे माहीत नव्हतं. आज रात्री जेवताना नवऱ्याला हेच सांगणार, एक दिवस तरी विषय बदलेल.

जुनं_खोड:
माणसांबद्दल कुणी लिहिलं नाही. हिशेबनीसांच्या गणितात पगार 28 आहेत, पण ती 28 कोण आहेत? धुलाईत एक डाग काढणारा आणि एक इस्त्रीवाला असे दोघं असतात ज्यांच्यावर सेंटर चालतं. मी जे चालू सेंटर घेतलं तिथे असंच एक माणूस होतं. सौदा पक्का व्हायच्या आधी मालकाची परवानगी घेऊन मी त्याच्याशी बोललो. धंद्याबद्दल काही विचारलं नाही, त्याच्या घरच्यांची चौकशी केली, पगार वेळेवर होतो का विचारलं. त्याने सांगितलं की मागची सुट्टीची रक्कम आणि ओव्हरटाइम बाकी आहे. मग आम्ही मालकाला सांगून सगळ्यांची जुनी देणी ताबा घेण्याच्या दिवशी, सगळ्यांसमोर चुकती करून घेतली. तो माणूस आजही आहे. जुनी देणी नव्या मालकाच्या गळ्यात पडली की पहिल्या महिन्यात माणसं जातात, आणि माणसांमागे गिऱ्हाईक जातं.

रानवारा:
काका, हे मात्र मान्य. माझ्याकडे तसा माणूस तयार व्हायला फार वेळ गेला आणि त्या काळात बरीच बोलणी खाल्ली. चांगला डाग काढणारा आयता मिळत असेल तर त्याला किंमत आहे.

कवडसा:
सगळ्यांचे मनापासून आभार. इथले प्रश्न घेऊन मालकाला आणि कंपनीला भेटून आलो. उत्तरं लिहिते.

विकण्याचं कारण: मालकाच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीय, दिवसभर उभं राहवत नाही. हे खरं आहे, काठी घेऊनच आले होते. सेंटर आम्हाला कंपनीने नाही, त्यांच्याच पुतण्याने सुचवलं होतं.

करार: दहा वर्षांचा, त्यातली जवळपास चार उरली आहेत. कंपनी आम्हाला नवा करार देणार, पूर्ण मुदतीचा, पण रॉयल्टी जुन्यापेक्षा दोन टक्क्यांनी जास्त. पाटी आणि काउंटर नव्या नमुन्याचे करावे लागतील.

भाडेकरार: मालकाच्या नावाने, दोन वर्षांत संपतोय.

विक्री: कंपनीकडची विवरणं आणि बँक खातं जुळलं. पाण्याचा ताळाही केला, जवळपास जमला. नवरा-बायको दोघंही काउंटरवर असतात आणि पगार घेत नाहीत, हिशेबनीसांनी लिहिलं तसंच.

मशीनं: दोन मोठी वॉशर सुरुवातीपासूनची आहेत. चालू असताना ड्रमचा घरघर आवाज येतो. ड्रायर नंतर घेतलेले आहेत.

आता सांगा.

हिशेबनीस:
विक्री खरी निघाली ही सर्वांत मोठी गोष्ट. आता माझ्या त्याच उदाहरणात घाला. नव्या रॉयल्टीचे 2 वजा, म्हणजे 18 चे 16. त्यातून काउंटरवरच्या एका माणसाचा पगार वजा करा, दुसरीकडे तुम्ही स्वतः उभ्या राहाल असं धरून. मग तुमचा स्वतःचा पगार. जे उरेल त्यावर किंमत ठरवा. खऱ्या आकड्यांनी हे करून मालकासमोर कागद ठेवा. तो माणूस प्रामाणिक दिसतो, हिशोब त्याला समजेल. नवी पाटी, नवा काउंटर आणि वॉशर यांचा खर्च किमतीतून वेगळा वजा करून मागा.

घरघर बेअरिंगची असते बहुतेक. सील गळून बेअरिंगपर्यंत पाणी गेलं की असा आवाज येतो. मशीनच्या कंपनीचा तंत्रज्ञ बोलावून उघडून बघायला सांगा, आणि देखभालीची वही मागा. वही नसेल तर मशीन बदलायचंच आहे असं धरून चाला.

कलमवाली:
दोन वर्षांचा भाडेकरार आणि दहा वर्षांचा फ्रँचायझी करार, हे एकत्र चालणार नाही. जागामालकाने तिसऱ्या वर्षी भाडं वाढवलं किंवा जागा मागितली तर फ्रँचायझी करार तुमच्या गळ्यात आणि सेंटर रस्त्यावर. सौद्याची अट अशी घाला: जागामालक तुमच्या नावाने, फ्रँचायझीच्या मुदतीइतका नवा करार देत असेल तरच व्यवहार पुरा, नाहीतर दिलेला विसार परत. विसार देतानाच हे लिहा. नंतर कुणी लिहून देत नाही.

मालकाने त्याच परिसरात ठरावीक वर्षं हाच धंदा करायचा नाही, ही अटही. गुडघे दुखतात म्हणून आज त्याची इच्छा नसेल, पण पुतण्याला धंद्याची आवड दिसतेय. अशी बंधनं कोर्टात किती टिकतात हे देशागणिक वेगळं, म्हणून मुदत आणि परिसर माफक ठेवा. आणि किमतीचा काही भाग काही महिने मागे ठेवा, जुनी देणी निघाली तर त्यातून वळती करता येतात.

उत्तररात्र:
मालकाला पहिले काही आठवडे सोबत बसायची विनंती करा, खुर्चीवर का होईना. त्याने स्वतः गिऱ्हाइकांना 'या ताई आता बघतील' म्हटलं की हिशेबनीसांच्या त्या दहा टक्क्यांतले निम्मे वाचतील. आणि हे तोंडी नको, करारात. ब्रँड तुम्हाला कंपनी देते. ओळख मालकच देऊ शकतो.

स्वयंभू:
जागामालक लांब करार द्यायला तयार नसेल तर?

कलमवाली:
तर नवी टेरिटरी. तेव्हा कवडसांचे यजमान बरोबर ठरतील.

रानवारा:
मी सुरुवातीला नव्याची बाजू घेतली होती. या ठिकाणी माझं मत बदललं. विक्री तपासून खरी निघाली, विकण्याचं कारणही खरं निघालं, मालक शिकवायला तयार असेल. कवडसाताई, तुम्ही दोघं नवखे आहात आणि एकाची नोकरी अजून चालू आहे. नव्या सेंटरच्या सुरुवातीच्या काळात दोघांचीही गरज पडते, अगदी रात्रीची. चालू सेंटर एकटीला सांभाळता येईल. पण भाडेकरारावर अडून बसा.

नवशिका:
आणि ज्याच्याकडे पैसा कमी पण वेळ आणि अंगात रग आहे, त्याने नवं काढावं, असं म्हणता येईल का?

जुनं_खोड:
पैसा कमी असेल त्याने तर अजिबात नाही, बाळा. नव्यालाच पैसा जास्त लागतो, फक्त तो नंतर आणि न सांगता लागतो. ज्याच्याकडे तग धरण्याइतकी गंगाजळी आहे आणि ज्याला जागेची पारख आहे, त्याने नवं काढावं.

कवडसा:
नवरा पाठीमागून वाचतोय, त्याने सांगितलंय की रानवारा यांचं मत बदललं तर त्याचंही बदललं. उद्या आम्ही दोघं जागामालकाला भेटणार आहोत, भाडेकराराच्या मुदतीसाठी. तंत्रज्ञाची वेळही ठरली आहे. कलमवालीताई, विसाराच्या कागदाचा मसुदा व्यक्तिगत संदेशात पाठवला तर एकदा नजर टाकाल का?

कलमवाली:
जरूर पाठवा. जागामालक काय म्हणतो ते मात्र इथेच लिहा.